शेषतलवारीचं मोल

दोन तलवारी आहेत. पहिलीने राक्षस सात घावांत कोसळतो. दुसरीने त्याच राक्षसाला नऊ घाव घालावे लागतात, शिवाय ती उचलायलाही जड आहे. असं असूनही सगळ्या शाळेला दुसरीच का हवी असेल?

सोलापूरच्या उर्वी बिराजदारला हा प्रश्न पडला, तेव्हा ती दुसरी तलवार तिच्याच हातात होती.

गोष्ट पुढच्या काळातली आहे. त्या काळात शाळाशाळांत कबड्डी आणि खो-खोच्या जोडीला 'कालदुर्ग' नावाचा खेळही शिरला होता. डोळ्यांवर मायाचष्मा (समोर नसलेल्या गोष्टी समोर दाखवणारा चष्मा) लावायचा आणि अंगात स्पर्शांगरखा घालायचा. हा अंगरखा म्हणजे बारीक तारांनी विणलेला सदरा. खेळातला धक्का, ऊन, थंडी त्यातून अंगाला खरीखुरी जाणवते. मग शाळेचं रिकामं सभागृह हा एक प्रचंड किल्ला होतो आणि त्यात राक्षस हिंडू लागतात. राक्षस मेला, की तो जिथे पडला तिथे एक पेटारा उगवतो. पेटाऱ्यात काय निघेल ते कुणालाच ठाऊक नसतं. बहुतेक वेळा पांढऱ्या रंगाच्या साध्या वस्तू निघतात, मधूनच निळ्या, आणि क्वचित, फारच क्वचित, सोनेरी.

सोनेरी वस्तूंमध्येही सगळ्यांत दुर्मीळ होती शेषतलवार. तिच्या मुठीवर पाच फण्यांचा नाग होता आणि फण्यांमधून निळा उजेड पाझरायचा. सोलापूर जिल्ह्यात ती कुणाकडेच नव्हती.

उर्वी सातवीत होती. ती संघाची ढालकरी, म्हणजे पुढे राहून घाव झेलणारी. एका बुधवारी खेळाच्या तासाला तिने सराव म्हणून एक चिखल्या मारला. चिखल्या हा खेळातला अगदी मामुली राक्षस, नवखी मुलंसुद्धा त्याला लोळवतात. पेटारा उगवला, उर्वीने पायानेच त्याचं झाकण उडवलं, आणि सभागृह निळ्या उजेडाने भरून गेलं.

"अद्भुत! अविश्वसनीय! भाग्यवान खेळाडू उर्वी!" झगमग ओरडू लागला. झगमग हा खेळाबरोबर येणारा तरंगता यंत्रमानव, आकाराने नारळाएवढा. गुण सांगणं, सूचना देणं हे त्याचं काम. पण पेटारा उघडला की त्याच्या अंगात वारं शिरायचं. त्या दिवशी तर तो छतापर्यंत उडाला आणि त्याने रंगीत ठिणग्यांचा पाऊस पाडला.

तासाभरात शाळेत दुसरा विषय उरला नाही. नववीतली मुलं उर्वीसाठी बाकावर जागा सोडू लागली. एकाने आपलं नवं उडतं यंत्र देऊ केलं, एकीने वर्षभर गृहपाठ करून द्यायची तयारी दाखवली. पाचवीतली पोरं तर तिच्या उजव्या हाताला नुसता हात लावून पळत होती.

एकच जण पुढे आला नाही. तौफीक शेख. तो उर्वीच्याच संघातला तिरंदाज आणि बालवाडीपासूनचा तिचा मित्र. उजेड पडला तेव्हा त्याने चष्मा काढला, कोपऱ्यात ठेवला आणि न बोलता निघून गेला.

"तो दिवाळीपासून चिखल्या मारतोय," श्रीनिधी येमूल उर्वीला म्हणाली. श्रीनिधी ही संघातली तिसरी खेळाडू, जखमा भरून काढणारी वैद्य. ती कमी बोलायची, पण तिचं सगळ्यांकडे लक्ष असायचं. "शेषतलवार चिखल्याकडूनच मिळते असं त्याला कुणीतरी सांगितलंय. शाळा सुटली की तेच, सुट्टीतही तेच. धावण्याचा सराव सोडला त्याने. जिल्ह्यात पहिला येणारा मुलगा, मैदानावर फिरकत नाही."

रविवारी सकाळी उर्वी तौफीकच्या घरी गेली आणि त्याचं काही न ऐकता त्याला आपल्या घरी घेऊन आली. तिचे आजोबा घरी होते.

चनबसप्पा बिराजदार हे पक्षिशास्त्रज्ञ. सोलापूरच्या माळरानांवर त्यांनी उभी हयात पक्ष्यांमागे घालवली होती. आता गुडघे दुखतात म्हणून ते घरी असत, पण कुणी प्रश्न घेऊन आलं की दुखणं विसरत.

"आजोबा, तुम्हीच सांगा," तौफीक म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "मी दिवाळीपासून रोज चिखल्या मारतोय. हिने सहज एक मारला, तर हिला मिळाली. आता माझी पाळी होती की नाही? मी लई वाट बघितली की!"

"पाळी असते रांगेत," आजोबा म्हणाले. "इथे रांग आहे का, तेवढं बघू. उर्वे, चिंचोक्यांचं मडकं आण."

घरात चिंच फोडून झाली होती, मडकं चिंचोक्यांनी गळ्यापर्यंत भरलेलं होतं. आजोबांनी एका चिंचोक्याला लाल रंग लावला, फुंकर मारून वाळवला आणि मडक्यात टाकून सगळे ढवळले.

"डोळे मीट आणि एक काढ. लाल निघाला तर तो तुझा. नाही निघाला तर परत आत टाक, ढवळ आणि पुन्हा काढ."

तौफीकने काढला. काळा. परत टाकला, ढवळला, पुन्हा काढला. काळाच. हात दुखेपर्यंत त्याने हा उद्योग केला. तोवर उर्वीच्या आईने भाकरी आणि शेंगाचटणी आणून ठेवली, तिकडेही त्याचं लक्ष गेलं नाही.

"आता थांब," आजोबा म्हणाले. "पहिल्यांदा हात घातलास तेव्हापेक्षा आता लाल निघण्याची शक्यता वाढली आहे का?"

"वाढायलाच पाहिजे! एवढे काळे निघाले की."

"मडक्यात बघ. काळे कमी झालेत?"

"नाही. परत टाकले ना मी."

"लाल किती आहेत?"

"एकच."

"मग बदललं काय?"

तौफीकने मडक्यात पाहिलं, मग स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. "मी दमलो," तो हळूच म्हणाला.

"बरोब्बर! तू बदललास, मडकं नाही बदललं. मडक्याला आठवण नसते, बाळा. कोण किती वेळ उभं आहे, कोण रडकुंडीला आलंय, त्याला काही कळत नाही. याला म्हणतात स्वतंत्र घटना (आधी जे घडलं त्याचा पुढच्या वेळेवर काहीच परिणाम होत नाही अशी घटना). तुझा पेटाराही तसाच. शंभरदा रिकामा निघाला, तरी पुढच्या वेळची शक्यता पहिल्या वेळेइतकीच."

उर्वी विचारात पडली होती. "पण आजोबा, जास्त वेळा हात घातला तर कधीतरी लाल सापडण्याची शक्यता जास्तच की."

"हे चांगलं विचारलंस. सकाळी ठरवलं, की आज दिवसभर काढणार, तर दिवसभरात एकदा तरी लाल निघण्याची शक्यता जास्त, हे खरं. पण दुपारपर्यंत नाही निघाला, तर वाया गेलेली सकाळ दुपारच्या मदतीला येत नाही. दुपारी तू पुन्हा पहिल्या पायरीवर." आजोबांनी मूठभर चिंचोके बाहेर काढून ठेवले. "आता काढलेले काळे आपण परत टाकलेच नाहीत तर काय होईल?"

"तर मडकं रिकामं होत जाईल," तौफीक म्हणाला, "आणि लाल जवळ येत जाईल."

"आपल्या मनाला वाटतं, की जग या दुसऱ्या मडक्यासारखं आहे. खूप सोसलं, आता फळ येणारच. शेतात, अभ्यासात, धावण्यात बरेचदा तसं असतंही. पेटाऱ्यात नसतं."

तौफीकने विचारलं, "मग मला थांबता का येत नाही?"

आजोबांना हा प्रश्न आवडला. ते सांगू लागले, की आपल्या मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं. ते 'पुढे काहीतरी मिळणार आहे' ही ओढ लावतं. खाऊ रोज ठरल्या वेळी मिळत असेल, तर मेंदू लवकरच शांत होतो. पण खाऊ कधी मिळेल, मिळेल की नाही, याचा पत्ता नसेल, तर ती ओढ फार दिवस टिकते. 'पुढच्याच पेटाऱ्यात असेल' हा विचार म्हणजे तीच ओढ. "खेळ बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं," ते म्हणाले. "तेव्हा तुझ्यात काही खोट आहे असं समजू नकोस. सापळाच हुशारीने लावलाय."

"आणि तलवारीचं काय?" उर्वी म्हणाली. "माझ्या लोखंडी तलवारीने सात घाव लागतात, हिने नऊ. तरी हिचंच एवढं कौतुक का?"

"वस्तूचं मोल कसं ठरतं ते बघ. एक म्हणजे तिचा उपयोग. दुसरं म्हणजे तिची दुर्मीळता, म्हणजे ती किती कमी जणांकडे आहे. आणि तिसरं म्हणजे दुसऱ्यांच्या डोळ्यांतली हाव. सगळ्यांना हवी, म्हणून मला हवी; मला हवी, म्हणून सगळ्यांना हवी. तुझ्या तलवारीत पहिलं जवळजवळ नाहीच. उरलेल्या दोन्हींवर तिचं सगळं चाललंय."

आजोबा उठले आणि खिडकीपाशी गेले. "मी माळढोक पाहायला हिंडायचो. दिवस दिवस एकही दिसायचा नाही. तो दुर्मीळ झाला कारण माळ गेले, गवत गेलं, अंडी घालायला जागा उरली नाही. एक पक्षी गेला, तर तो कुणालाही परत आणता येत नाही. त्या दुर्मीळपणाचं मला रडू यायचं. आणि तुमची तलवार? कुणीतरी खोलीत बसून एक आकडा लिहिला, समजा दहा हजार पेटाऱ्यांत एक. उद्या त्याने दहात एक लिहिलं, की घरोघरी शेषतलवारी. एक दुर्मीळपणा घडलेला असतो आणि एक घडवलेला असतो. दोन्ही एका तागडीत घालू नका."

तौफीकने आता भाकरीचा तुकडा मोडला. "कळलं मला," तो चावत म्हणाला. "पण तलवार अजूनही हवीच आहे."

आजोबा मोठ्याने हसले. "असू दे. कळल्याबरोबर ओढ जात नाही. तिच्याशी भांडावं लागतं."

जिल्ह्याची अंतिम स्पर्धा जवळ आली होती. तीन जणांचा एक संघ, आणि समोर कालदुर्गातला सगळ्यांत मोठा राक्षस, हिमासुर. संघाला दोन प्रकारचे गुण मिळत. हिमासुराला किती जखमी केलं याचे लढाईगुण, आणि जवळ किती दुर्मीळ वस्तू आहेत याचे संपत्तीगुण. हिमासुराला आजवर कुणीच मारू शकलं नव्हतं. तो एक श्वास सोडायचा आणि अंगरख्यातून अशी थंडी शिरायची, की सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या मुलांचे दात वाजायचे, बोटं वळायची आणि हत्यारं गळून पडायची. म्हणून सगळ्या संघांनी एक युक्ती शोधली होती. आत जायचं, दोनचार घाव घालायचे, गारठण्याआधी बाहेर पळायचं आणि संपत्तीगुणांवर जिंकायचं.

"आपल्याकडे शेषतलवार आहे," खेळाचे शिक्षक कोंडेसर हात चोळत म्हणाले. "तेवढ्यावर आपण पहिल्या तिघांत आहोतच. उर्वी, ती नुसती कमरेला लावून उभी राहा. घाव घालायचीही गरज नाही."

उर्वीला ते ऐकून कसंसंच झालं. सरावात ते तिघं पुन्हा पुन्हा हिमासुरासमोर उभे राहिले आणि पुन्हा पुन्हा गारठून पडले. अशाच एका सरावानंतर श्रीनिधी किल्ल्यातल्या लोहाराच्या भट्टीपाशी बराच वेळ काहीतरी वाचत बसली होती.

"इकडे या," तिने हाक मारली. "इथे उष्णकवच बनवता येतं. थंडी आत शिरू न देणारं. तीन कवचांना शेषधातू लागतो."

"तो कुठे मिळतो?" उर्वीने विचारलं.

श्रीनिधीने तिच्या कमरेकडे बोट दाखवलं. "सोनेरी वस्तू वितळवून. एकदा वितळली की परत मिळत नाही. म्हणून हे कवच कुणी बनवलेलंच नाही."

उर्वीचा हात तलवारीच्या मुठीवर गेला.

"वेडी आहेस का?" तौफीक उसळला. उर्वीच्या मनात काय आहे, ते तिच्या चेहऱ्यावरूनच त्याने ओळखलं होतं. "वितळवण्यापेक्षा मला दे!"

उर्वीने तलवार काढली आणि दोन्ही हातांवर ठेवून त्याच्यापुढे धरली. "घे. खरंच घे. फक्त एक सांग, तू हिचं काय करशील?"

तौफीकचे हात पुढे आले. निळा उजेड त्याच्या बोटांवर पडला. "मी... सांभाळीन."

"आणि हिमासुर?"

त्याने हात मागे घेतले आणि पाठ फिरवली. "तुझी आहे. तू ठरव," तो म्हणाला.

कोंडेसरांना कळलं तेव्हा ते लालबुंद झाले. "अजिबात नाही! अख्ख्या जिल्ह्यात एक वस्तू, आणि तुम्ही ती भट्टीत घालणार? शाळेचा विचार करा!"

"सर, आपण तिथे खेळायला जाणार आहोत ना?" उर्वी म्हणाली.

"जिंकायला जाणार आहोत."

"न लढता?"

"उर्वी, उलट बोलू नकोस."

उर्वीने मान खाली घातली नाही.

स्पर्धेच्या दिवशी शहरातलं मोठं क्रीडागृह खचाखच भरलं होतं. भिंतीवरच्या पडद्यावर मायाचष्म्यातलं सगळं प्रेक्षकांना दिसत होतं. एकामागून एक संघ आत गेले, थोडे घाव घालून कुडकुडत बाहेर पळाले आणि मग आपापल्या सोनेरी वस्तू उंच धरून उभे राहिले. बार्शीच्या संघाकडे सोनेरी शिरस्त्राण होतं. त्यांची कर्णधार मुक्ता बारबोले गुणफलकावर सगळ्यांत वर होती, तरी तिचा चेहरा काही खुललेला दिसत नव्हता.

मग उर्वीच्या संघाला बोलावलं. कमरेची शेषतलवार दिसताच क्रीडागृह दणाणलं. उर्वी हिमासुराच्या गुहेकडे वळलीच नाही. ती सरळ लोहाराच्या भट्टीकडे चालू लागली.

"थांबा!" झगमग तिच्या तोंडासमोर आला. त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. "भाग्यवान खेळाडू उर्वी, ही जिल्ह्यातली एकमेव शेषतलवार आहे. ती वितळवली तर संपत्तीगुण शून्य होतील. वितळवायची नक्की?"

"नक्की."

"लाखो खेळाडू हिचं स्वप्न पाहतात. तुम्हाला आयुष्यभर पश्चात्ताप होईल. नक्की?"

"पश्चात्ताप झाला तर माझा मला होईल. बाजूला हो."

"उर्वी!" प्रेक्षकांतून कोंडेसर ओरडले. इतरही ओरडू लागले. कुणी 'नको', कुणी 'वेडी', कुणी नुसत्याच शिट्ट्या मारत होतं. उर्वीने तलवार भट्टीवर ठेवली आणि भात्याचा दांडा धरला. दांडा भलताच जड होता. तिने सगळा जोर लावला, तरी तो हलेना. तिच्या कपाळावर घाम आला. आता लोक हसू लागले होते.

तेवढ्यात तिच्या हातांशेजारी आणखी दोन हात आले. तौफीकचे. तो तलवारीकडे बघत नव्हता, समोर बघत होता.

"जोर लाव," तो म्हणाला. "माझं मन बदलायच्या आत."

दोघांनी दांडा खाली ओढला. निळा उजेड एकदा लखलखला आणि विझला. भट्टीतून तीन करडी कवचं बाहेर पडली, गोणपाटासारखी ओबडधोबड. ती बघून तर प्रेक्षक आणखीच हसले.

तिघांनी ती घातली आणि ते गुहेत शिरले.

हिमासुराने श्वास सोडला. पडदा पांढरा झाला. प्रेक्षक नेहमीसारखं पळापळ बघायला सरसावले. पण धुकं विरलं तेव्हा तिघंही जिथल्या तिथे उभे होते. उर्वीला चेहऱ्यावर बोचरा वारा लागत होता, पण बोटं मोकळी होती. तिने आपली जुनी लोखंडी तलवार उपसली.

हिमासुर चवताळला. त्याचा एकेक हात तुळईएवढा होता. उर्वीने पहिला तडाखा ढालीवर घेतला आणि ती गुडघ्यांवर आली. श्रीनिधीने धावत येऊन तिची जखम भरली. दुसऱ्या तडाख्याने ढाल तडकली.

"हा माझ्यामागे लागला तर तुला घाव घालता येतील!" तौफीक ओरडला. त्याने हिमासुराच्या कानात बाण मारला आणि धूम ठोकली. तो खरोखरच धावत होता. त्या भल्या मोठ्या क्रीडागृहाच्या कडेकडेने, मान ताठ, कोपर अंगाला चिकटलेले. हिमासुर त्याच्यामागे वळला, की त्याचा डावा पाय उर्वीच्या समोर येई. एक घाव. तौफीक फेरी मारून येई. दुसरा घाव. त्याची छाती भात्यासारखी हलत होती, महिनोन्महिने सराव नव्हता, एकदा तो अडखळून पडलाही. श्रीनिधीने त्याला हाताला धरून उठवलं. तो पुन्हा धावू लागला. आता हसण्याचा आवाज थांबला होता. सगळं क्रीडागृह उभं राहून त्याच्या पावलांना टाळ्यांचा ठेका देत होतं.

हिमासुर कोसळला तेव्हा जमीन खरोखरच हादरल्यासारखं सगळ्यांना वाटलं.

आणि त्याच्या छाताडाजवळ एक पेटारा उगवला. असा पेटारा आजवर कुणीच पाहिला नव्हता. तो आकाराने कपाटाएवढा होता आणि फटीफटींतून सोनेरी उजेड गळत होता.

"ऐतिहासिक क्षण!" झगमग किंचाळला. "हिमासुराचा पेटारा! आत काय असेल? शेषतलवारीपेक्षाही दुर्मीळ काही? भाग्यवान खेळाडूंनो, उघडा!"

"उघडा! उघडा!" अख्खं क्रीडागृह ओरडू लागलं.

उर्वीने तौफीककडे पाहिलं. तो पेटाऱ्यासमोर वाकून उभा होता, हात गुडघ्यांवर, केसांतून घाम ठिबकत होता. त्याचा उजवा हात झाकणापर्यंत गेला. दिवाळीपासूनची सगळी ओढ त्या हातात उतरली होती.

"तुझ्यावर आहे," उर्वी हळूच म्हणाली.

तौफीकने डोळे मिटले. मग त्याने हात काढून घेतला आणि तो सरळ उभा राहिला.

"आम्ही याला मारायला आलो होतो," तो मोठ्याने म्हणाला. "तो मेला. आम्ही चाललो."

"पण पेटारा!" झगमग त्याच्या कानाभोवती घिरट्या घालू लागला. "फक्त एकदा! कदाचित आजच तुमचं नशीब..."

"माझं नशीब तू नको सांगू मला!"

तिघांनी एकदमच मायाचष्मे काढले. किल्ला नाहीसा झाला, हिमासुर नाहीसा झाला, पेटाराही नाहीसा झाला. समोर उरली ती क्रीडागृहाची लाकडी फरशी आणि आ वासून बघणारी माणसं. त्या पेटाऱ्यात काय होतं, ते आजतागायत कुणालाही कळलेलं नाही.

निकाल लागला. उर्वीच्या संघाला लढाईगुण पैकीच्या पैकी मिळाले, आणि संपत्तीगुण शून्य. ते तिसरे आले. बार्शी पहिली. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला, पण नियम तो नियम, असं परीक्षक म्हणाले.

"उघडला असता तर पहिले आला असतात," कोंडेसर म्हणाले. त्यांना राग यायला हवा होता, पण तो नीट येत नव्हता.

"आत काहीच नसतं तर, सर?" तौफीक म्हणाला. "तर आम्ही आणखी एक उघडला असता. मग आणखी एक."

कोंडेसरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि थंडगार ताक आणायला गेले.

तिघं क्रीडागृहाच्या पायऱ्यांवर बसले होते. उर्वीचे आजोबाही शेजारी येऊन बसले. बाहेर संध्याकाळचं ऊन रेंगाळत होतं. एवढ्यात दारातून मुक्ता बारबोले बाहेर आली. तिच्या काखेत जवळजवळ तिच्याच उंचीचा चषक होता. तिने तो पायरीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

"तुम्ही त्याच्या डाव्याच पायावर घाव का घालत होता?" तिने विचारलं.

"वळताना सगळा भार त्याच पायावर येतो म्हणून," उर्वी म्हणाली. "पण वळायला लावणारा पळणारा हवा."

"आम्ही हा चषक घेऊन गावात मिरवणार आहोत," मुक्ता म्हणाली. "लोक विचारणार, हिमासुर कसा मारला? मी काय सांगू? टोपी दाखवून?" तिने नाक मुरडलं. "मला शिकवाल का? खरंच लढायला?"

"शिकवू की," श्रीनिधी म्हणाली. आज दिवसभरात ती पहिल्यांदाच हसली.

"आणि आमचं शिरस्त्राण... तेही वितळवावं लागेल?"

उर्वीने आजोबांकडे पाहिलं. ते काही सुचवत नव्हते, नुसतेच उत्सुकतेने ऐकत होते.

"ते तुमचं तुम्ही ठरवा," ती म्हणाली. "आम्ही सांगितलं म्हणून नको, आणि झगमग रडतो म्हणून थांबूही नका. ते तुमच्या काय कामाचं आहे, तेवढं आधी स्वतःला विचारा."

"मी सांगू?" तौफीक पुढे सरकला. "पुढच्या वर्षी सगळ्या शाळांनी मिळून खेळ बनवणाऱ्यांना सांगायचं. पेटाऱ्यावर आकडा लिहा. किती पेटाऱ्यांत एक, ते आधी सांगा, मग आम्ही हात लावतो. नाही सांगितलं, तर एकही पेटारा उघडायचा नाही. एकानेही नाही."

"ते ऐकतील?" मुक्ताने विचारलं.

"एकाने म्हटलं तर नाही," आजोबा म्हणाले. "सगळ्यांनी म्हटलं, तर त्यांना ऐकावंच लागेल. उघडणारे तर तुम्हीच आहात."

मुक्ता उठली. तिने ओढणी कमरेला खोचली आणि फरसबंदी अंगणाकडे बघितलं. पोरं पांगली होती, अंगण मोकळं होतं.

"पळणारी मी होते," ती म्हणाली. "हिमासुर कोण होतंय?"